जिवाणूंचा आपसातला संवाद तोडला, तर प्रतिजैविकांना पर्याय मिळेल का?

नौपाडाकर
वडिलांना मधुमेह आहे. त्यांच्या पायाच्या जखमेच्या कल्चर रिपोर्टमध्ये स्यूडोमोनस एरुजिनोसा हा जिवाणू आढळला असून बऱ्याच प्रतिजैविकांपुढे 'आर', म्हणजे रेझिस्टंट, असा शेरा आहे. उपचार डॉक्टरांकडे नीट चालू आहेत, त्याबद्दल विचारणा नाही. मात्र जिवाणूंना न मारता त्यांचा रासायनिक संवाद, म्हणजे कोरम सेन्सिंग, बंद पाडता येतो असे वाचले. हे कसे साधते आणि असे औषध मिळते का? शिवाय लसणात हा गुण असल्याचे ऐकून आत्या जखमेवर लसूण वाटून लावा म्हणतात, त्यात कितपत तथ्य आहे?

सूक्ष्मदर्शी, वाशी
मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. स्यूडोमोनस हे जिवाणू ॲसिल होमोसेरिन लॅक्टोन जातीचे रेणू बाहेर सोडत असतात. जिवाणूंची संख्या वाढून या रेणूंचे प्रमाण ठरावीक मर्यादेपलीकडे गेले, की ते पेशीतल्या ग्राहक (रिसेप्टर) प्रथिनांना जाऊन चिकटतात आणि ऊती कुरतडणारे इलास्टेज, पायोसायनिन हे निळे-हिरवे रंगद्रव्य वगैरे मारा सगळीकडून एकदम सुरू होतो. ड्रेसिंगवर हिरवट डाग पडत असतील, तर त्यात या रंगद्रव्याचा वाटा असू शकतो.

हा संवाद तोडण्यासाठी एक तर बॅसिलसमधल्या लॅक्टोनेजसारख्या एन्झाइमने ते रेणूच फोडतात, नाही तर ग्राहकाचे काम बिघडवणारा रेणू वापरतात; डेलिसिया पुल्क्रा या ऑस्ट्रेलियातल्या लाल सागरी शैवालातले फ्युरॅनोन या दुसऱ्या प्रकारचे आहेत. जिवाणू मारणे आणि त्यांचा संवाद तोडणे यांतला फरक आमचे विद्यार्थी क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियमच्या पेट्री डिशवर पाहतात; हे जिवाणू संवाद चालू असला तरच जांभळा रंग बनवतात. प्रतिजैविकाच्या चकतीभोवती स्वच्छ, पारदर्शक कडे उमटते. संवाद तोडणाऱ्या पदार्थाभोवती फक्त जांभळा रंग जातो आणि दुधी थर तसाच राहतो, कारण जिवाणू जिवंतच असतात. मारले जात नसल्यामुळे प्रतिकाराचा दाब कमी राहील, ही या संशोधनामागची मुख्य आशा आहे. ती मला थोडी भाबडी वाटते, कारण ब्रोमिनयुक्त फ्युरॅनोनला दाद न देणारे, ते पेशीबाहेर उपसून टाकणारे स्यूडोमोनस २०१२ मध्येच प्रयोगशाळेत दाखवले गेले आहेत.

फार्मसीवाला, ऐरोली
लसणातल्या अजोइन या घटकाचा असा परिणाम प्रयोगशाळेत दिसला आहे, हे खरे. पण वाटलेल्या लसणात त्याचे प्रमाण किती उतरेल याचा भरवसा नसतो आणि कच्च्या लसणाने कातडी भाजते. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झाली असेल, तर ते भाजणे वडिलांना कळणारही नाही. आत्यांना स्पष्ट नाही म्हणावे. जखमेसाठी या तत्त्वावरचे रूढ औषध सध्या दुकानात मिळत नाही.

आणखी एक अडचण अशी, की सर्व जिवाणूंना एकच न्याय लागू होत नाही. पटकीच्या जिवाणूंमध्ये गर्दी झाली की विषारीपणा उलट कमी होतो, तर स्टॅफिलोकोकस ऑरियसची एजीआर ही संवादयंत्रणा बंद पडली, तर त्याचा बायोफिल्म, म्हणजे पृष्ठभागाला चिकटलेला जिवाणूंचा चिकट थर, अधिक दाट होऊ शकतो. जखमेत स्यूडोमोनस आणि स्टॅफ दोन्ही असले, तर काय करायचे?

नौपाडाकर
दोघांचेही आभार. लसणाचा विषय घरी संपवला. मग हे प्रतिजैविकाऐवजी नव्हे, तर त्याच्या जोडीला द्यायचे, असा विचार झाला आहे का?

सूक्ष्मदर्शी, वाशी
होय, आणि मला तीच दिशा अधिक पटते. संवाद रोखलेल्या अवस्थेत वाढलेला स्यूडोमोनसचा बायोफिल्म टोब्रामायसिन या प्रतिजैविकाला अधिक सहज बळी पडतो, असे प्रयोगशाळेत दिसले आहे.