हलाल तर आहे, तय्यब आहे का? मशिदीतला खाऊ आणि आपली मुले : अनुभव धागा

रमजान जवळ आला की आमच्या घरात एक जुना प्रश्न पुन्हा निघतो, म्हणून हा धागा काढत आहे. गेल्या वर्षी सत्ताविसाव्या रात्री तरावीहमध्ये (रमजानमधल्या रात्रीच्या खास नमाजेत) कुरआन पूर्ण झाला, खत्माची, म्हणजे तो वाचून संपल्याची, दुआ झाली आणि माझा सहा वर्षांचा मुलगा वडिलांचे बोट धरून घरी आला, तेव्हा त्याच्या पिशवीत बुंदीचा लाडू, वेफर्सचे पाकीट, दोन चॉकलेटे, क्रीमची बिस्किटे आणि रंगीत सरबताची बाटली होती. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. तो पिशवी उशाशी घेऊन झोपला आणि सहरीला (रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणाला) जाग आल्यावर सगळ्यात आधी त्याने तीच उघडली.

वाटणाऱ्यांची नियत किती चांगली असते हे मला माहीत आहे, कारण माझे सासरेही दरवर्षी वाटतात. तरीही एक गोष्ट मनातून जात नाही. कुरआनातल्या सूरह बकराच्या १६८ व्या आयतीत जमिनीवरचे जे हलाल आणि तय्यब आहे ते खा, असे सांगितले आहे. तय्यब म्हणजे चांगले, स्वच्छ, अंगी लागणारे. हलालची चौकशी आपण पाकीट उलटसुलट करून करतो, पण तय्यबची चौकशी आपल्याकडून राहून जाते, आणि तीही नेमकी मुलांच्या बाबतीत.

मशीद, मकतब (मुलांचा धार्मिक शिक्षणाचा वर्ग), नियाज (पुण्यासाठी वाटले जाणारे अन्न), जुलूस (मिरवणूक), इफ्तारी, ईद यांपैकी कुठेही मुलांच्या खाण्याबद्दल तुम्हाला काय अनुभव आले, ते कृपया सविस्तर लिहावे. कोणाच्याही मशिदीचे किंवा मौलानांचे नाव लिहू नये, ही विनंती.

एक आई, चिपळूण

माझ्या मुलाला सातव्या वर्षी टाइप १ मधुमेह झाल्याचे कळले. आता तो नऊ वर्षांचा आहे आणि दिवसातून चार वेळा इन्सुलिन घेतो. घरात आणि शाळेत आम्ही सगळे बसवून घेतले, पण मशिदीचे काय करावे हे आम्हाला सुचत नव्हते, कारण तिथला खाऊ हा नुसता खाऊ नसतो. तो तबर्रुक, म्हणजे बरकतीचा प्रसाद, असतो, आणि तबर्रुकला नाही म्हणायचे नसते असे मी स्वतःच लहानपणापासून ऐकत आले आहे.

एका नियाजच्या दिवशी मोहल्ल्यातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी, ‘अल्लाहच्या घरातली शिरनी आहे, हिने काही होत नाही, खा बेटा,’ असे म्हणून त्याच्या हातावर दोन पेढे ठेवले आणि वर सरबताचा पेला दिला. मुलाने आदराने सगळे संपवले. घरी आल्यावर मशीनवर रक्तातली साखर ३४० दिसली. मी इतकी घाबरले की पुढचा महिनाभर त्याला मकतबात पाठवलेच नाही, आणि त्याला वाटले की आजारी पडल्याची ही शिक्षा आहे. त्याचे ते एक वाक्य मी अजून विसरले नाही.

शेवटी त्याचे वडील मशीन आणि इन्सुलिनचे पेन घेऊन मौलानांकडे गेले. मौलानांनी सगळे नीट समजून घेतले, बोटाला टोचून रक्ताचा थेंब कसा घेतात तेही पाहिले. ते म्हणाले, शरीर ही अमानत आहे. शिरनी हातात घ्यावी, बिस्मिल्लाह म्हणून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा तोंडात टाकावा आणि उरलेली शेजारच्या मुलाला द्यावी. मुलाचा मान राहिला आणि तबर्रुकचाही.

गेल्या रमजानमध्ये तरावीहच्या आठ रकातींनंतर (नमाजेच्या आवर्तनांनंतर) तो सफेतच, म्हणजे नमाजेच्या रांगेतच, खाली बसला. त्याला घाम फुटला होता आणि हात थरथरत होते. शेजारच्या मित्राला मौलानांनी आधीच सांगून ठेवले होते, त्यामुळे तो धावत जाऊन वजूखान्याशेजारच्या (नमाजेआधी हातपाय धुण्याच्या जागेशेजारच्या) कपाटातला डबा घेऊन आला. साखर ५८ होती. पंधरा ग्रॅम साखर पोटात जाईल एवढे सरबत दिले, पंधरा मिनिटे थांबून पुन्हा तपासले, तेव्हा ८६ झाली होती. ज्या सरबताला मी वर्षभर घाबरत होते, त्यानेच त्या रात्री माझे लेकरू सावरले. आता त्या डब्यावर आतून झाकणाला चिठ्ठी लावली आहे: कधी, किती, आणि कोणाला फोन करायचा.

निवृत्त मकतब शिक्षक, रत्नागिरी जिल्हा

ताई, मी बावीस वर्षे मकतबात शिकवले आणि सबक (पाठ) पक्का झाला की गोळी देण्याची पद्धत मी स्वतः सुरू केली होती, हे आधी कबूल करतो. सकाळी सात वाजता चाळीस मुले यायची. गोळी दाखवली की दुआ लवकर पाठ व्हायची आणि वर्ग शांत बसायचा. ही शांतता कुठून येते याचा विचार मी फार उशिरा केला. एकदा एका मुलीला चक्कर आली, तेव्हा मी वर्गात एकेकाला विचारले. निम्म्याहून अधिक मुले फक्त चहा आणि एखादी खारी खाऊन आली होती, काही तर तशीच. त्यांना बक्षीस नको होते, भूक लागली होती.

जमातीपुढे (मोहल्ल्यातल्या मंडळींपुढे) विषय मांडला. एका दात्यांना वाईट वाटले, कारण ते वर्षानुवर्षे बिस्किटांचे खोके देत होते. त्यांच्या घरी जाऊन मी समजावले आणि पुढे त्यांनीच शेंगदाण्यांचे पोते दिले. रात्री भिजवून सकाळी उकडलेले चणे, वाटीभर शेंगदाणे आणि गूळ, आठवड्यातून दोनदा केळी, असे सुरू झाले. पंधरा दिवस मुलांनी तोंडे वाकडी केली. नंतर चणे संपले की भांडण होऊ लागले.

खाण्याच्या वेळी शिकवायची हदीस (प्रेषितांच्या वचन-कृतीची नोंद) तर आपल्याकडे आहेच. प्रेषित (स.) यांच्या घरात वाढणारा उमर इब्न अबी सलमा हा मुलगा ताटात सगळीकडे हात फिरवत असे. त्याला तीन गोष्टी सांगितल्या गेल्या: अल्लाहचे नाव घे, उजव्या हाताने खा, आपल्या समोरचे खा. त्याला कोणी चारचौघांत लाजवले नाही, हे मला त्यात सर्वांत महत्त्वाचे वाटते.

एक खंत मात्र राहिली. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त मेद, मीठ आणि साखर असलेले पदार्थ विकता येत नाहीत. मकतबाच्या पायरीला लागून असलेल्या टपरीवर मात्र तीच पाकिटे तोरणासारखी लटकत असतात, आणि वडील आखातात असलेल्या मुलांच्या खिशात सुट्टे पैसेही असतात.

कोकणातून आलेले कुटुंब, बर्मिंगहॅम

इथे मुले साडेतीनला शाळेतून सुटतात आणि पाचला मशिदीच्या वर्गात बसतात. मधल्या दीड तासात रस्त्यावरच्या तळलेल्या चिकनच्या दुकानांत हलालची पाटी पाहून आम्ही निर्धास्त होतो. माझी मुलगी जेली गोळ्यांच्या पाकिटावर जिलेटिन कशाचे आहे हे न चुकता वाचते, कारण ते मी तिला शिकवले. त्याच पाकिटावर खालच्या ओळीत साखर किती आहे तेही लिहिलेले असते, आणि ती ओळ वाचायला मी तिला दहाव्या वर्षापर्यंत शिकवले नव्हते. आता घावण्यात अंडे किंवा खिमा गुंडाळून डबा देते. तो ती गाडीत खाते.

दंतवैद्य, भिवंडी

थोडक्यात लिहितो. रमजाननंतरच्या महिन्यात माझ्याकडे दाढा किडलेली लहान मुले जास्त येतात. इफ्तारीपासून सहरीपर्यंत थोडे थोडे गोड खात राहणे हे एकदाच पोटभर गोड खाण्यापेक्षा दातांना अधिक वाईट असते. मिस्वाकची (दात घासायच्या काडीची) सुन्नत, म्हणजे प्रेषितांची रीत, घराघरात माहीत आहे, पण झोपण्यापूर्वी मुलाचे दात कोणी घासून घेत नाही. तेवढे तरी करा.

एक नानी, छत्रपती संभाजीनगर

नातीची रोजाकुशाई (पहिल्या रोज्याचा समारंभ) झाली तेव्हा ती आठ वर्षांची होती. वयात येईपर्यंत रोजा फर्ज (बंधनकारक) नाही, तरी तिनेच हट्ट धरला. दुपारी तीन वाजता ती रडकुंडीला आली. मला प्रेषितांच्या काळातल्या रुबय्यिअ बिन्त मुअव्विज यांची हदीस आठवली: आशूराच्या (मुहर्रमच्या दहाव्या दिवसाच्या) रोज्याला मुले भुकेने रडू लागली की त्या लोकरीचे खेळणे करून देत आणि इफ्तारपर्यंत वेळ काढत. मी कापसाची बाहुली करायला बसले, नात शेजारी बसून वाती वळू लागली. मगरिबला (सूर्यास्ताच्या नमाजेच्या वेळी) खजूर आणि पाणी झाल्यावर पाहुण्यांनी आणलेल्या केकचे तीन खोके समोर आले. तिने आधी माझ्या हातची मऊ खिचडी मागितली. केक दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यात वाटला.

यंत्रमाग कामगार, मालेगाव

सर्वांचे वाचले. सगळे बरोबर आहे, तरी एक गोष्ट लिहितो. माझ्या तीन मुलांना चॉकलेट मिळते ते खत्माच्या रात्री आणि मिलादच्या (प्रेषितांच्या जन्मदिनाच्या) जुलूसमध्ये. बाकी वर्षभर घरात ते येत नाही. ते पाकीट बंद झाले आणि त्याऐवजी उपदेश मिळाला, तर मुले मशिदीतून रिकाम्या हाताने परत येतील. आमच्या मुलांचा आनंद काढून घेऊ नका.

धागा काढणारी

भाईजान, तुमचे लिखाण मी सासऱ्यांना वाचून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी वहीत यंदाच्या पिशवीची यादी केली: बुंदीचा लाडू एक, चॉकलेट एक, खजूर पाच, संत्रे एक, भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी. सरबताची बाटली खोडली आणि तिच्या पैशांत मशिदीच्या ओट्यावर ठेवायला दोन मोठे माठ लिहिले. लाडूही खोडू का, असे त्यांनी मला विचारले. मी नको म्हटले.