फोनच्या अलीकडची माणसं : तुमचे अनुभव लिहा

नाशिकमध्ये तरुण मुलांच्या मनाच्या आरोग्यासाठी काम करणारे लहानमोठे गट आहेत. शाळेत व्याख्यान होतं, शिबिर होतं, पेपरात फोटो येतो. त्या फोटोत जी माणसं कधीच नसतात, त्यांच्यासाठी हा धागा. मदतीसाठी आलेले मुलांचे फोन घेणारे, हिशोब लिहिणारे, सतरंज्या घालणारे, आणि कधीकाळी फोन करणारेसुद्धा. अटी दोनच. मुलांची ओळख पटेल असं काही नको, आणि कुणी जीव कसा दिला याचं वर्णन नको. संस्थेचं नाव लिहायची गरज नाही. सुरुवात मी करते.

गंगापूर रोड, निवृत्त शिक्षिका

३२ वर्षं मराठी शिकवलं. निवृत्तीनंतर ऐकणारी म्हणून एका गटात गेले. प्रशिक्षणात माझ्यासमोर एक सहकारी 'फोन करणारा मुलगा' होऊन बसला. चार मिनिटांनी शिकवणाऱ्या ताईंनी थांबवलं आणि सांगितलं, तुम्ही सहा सल्ले दिलेत. लवकर ऊठ, फिरायला जा, आईशी बोल. "आता एकही न देता बसा." ते बसणं जमायला मला तीन महिने लागले.

त्याहून अवघड होतं थेट विचारणं. 'जीव द्यावासा वाटतोय का?' हे शब्द तोंडातून निघेनात. वाटायचं, आपणच त्याच्या डोक्यात हे घालतोय. तसं होत नाही. विचारल्याने तो विचार पेरला जात नाही, उलट इतके दिवस एकट्याने वागवलेली गोष्ट कुणीतरी उच्चारली म्हणून मूल मोकळं होतं. पोळ्या लाटताना मी ते वाक्य मोठ्याने म्हणून सराव केला आहे.

बारावीच्या निकालाच्या दिवशी एक फोन आला. पलीकडे नुसता श्वास, मागे बसस्टँडवरची घोषणा. मी दर थोड्या वेळाने एवढंच म्हणत होते, "घाई नाही, मी आहे." बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "तुम्ही मार्क नाही ना विचारणार?" नाही विचारले. आजही मला ते ठाऊक नाहीत.

कॉलेज रोड, मानसशास्त्रज्ञ

माझं काम ऐकणाऱ्यांचं ऐकण्याचं. एक शनिवार आड आम्ही बसतो आणि ज्याला जो फोन घरापर्यंत पुरला, तो तिथे काढून ठेवतो. स्वयंसेवक उपचार करत नाहीत, पण उपचारापर्यंत पोचायच्या आधीच्या वाटेवर तेच उभे असतात. ही वाट लहान वयात सुरू होते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मनाचे निम्मे आजार वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत डोकं वर काढतात. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वयोगटात मनाच्या आजारांचं प्रमाण ७.३ टक्के निघालं. साठ मुलांच्या वर्गात चार जण धरा. वर्गशिक्षकांना मी तसंच मांडून सांगते.

आमच्याकडे एक नियम आहे, त्यावरून वाद होतात. 'कुणालाही सांगणार नाही' असं वचन मुलाला द्यायचं नाही. अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार होतोय असं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. जिवाला धोका असेल तरी गप्प बसता येत नाही. हे मुलाला आधीच सांगायचं. एक फार चांगली स्वयंसेविका यावरून सोडून गेली. तिचं म्हणणं होतं, असं सांगितल्यावर मुली बोलणारच नाहीत. काही खरंच बोलत नाहीत. तरी नियम बदलावा असं मला वाटत नाही, कारण मोडलेलं वचन त्या मुलीला आयुष्यभर पुरतं.

शालिमार, हिशोब बघतो

मी कधी कुणाचा फोन घेतलेला नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली आमची नोंदणी आहे. एक विश्वस्त बदलला तरी ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, दरवर्षी ऑडिट, शिवाय देणगीदारांना करसवलत मिळावी म्हणून ८०जीची कागदपत्रं. हे चुकलं तर फोन बंद पडेल, म्हणून मी ते नीट करतो. देणगीदार शिबिराला पैसे देतात, वह्यांना देतात. खोलीचं भाडं, फोनचं बिल आणि वरच्या मॅडमसारख्यांचं मानधन यांसाठी मागायला गेलं की विचारतात, "यात मुलांसाठी काय?" हेच तर मुलांसाठी आहे. कुणी वाचत असेल तर एक महिन्याचं भाडं द्या.

सुरगाणा, आश्रमशाळेत शिक्षक

आमच्याकडे नाशिकहून एक गट येतो. पहिल्या वेळी त्यांनी छान मराठीत सत्र घेतलं आणि मुलं मान हलवत बसली. एक मुलगी महिनाभर धड जेवत नव्हती, तीही मान हलवत होती. पुढच्या खेपेला त्यांनी नाशिकला नर्सिंग शिकणारी, आमच्याच भागातली एक पोरगी आणली. ती मुलीशेजारी ओट्यावर बसून कोकणीत बोलली (आमच्याकडची कोकणी, समुद्रकाठची नव्हे). संध्याकाळपर्यंत सगळं बाहेर आलं. आईवडील द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे गेलेले, मागे लहान भाऊ आजारी, आणि हिला ते सुट्टीवरून आलेल्या मैत्रिणीकडून कळलेलं. आता ती नर्सिंगवाली ताई येणार असली की पोरं फाटकापाशी थांबतात.

सिडको

हॉलची किल्ली माझ्याकडे असते. रविवारी उघडते, चहा ठेवते, कोण आलं ते कुणाला सांगत नाही.

निफाड तालुका, द्राक्ष बागायतदार

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. माझा मुलगा २०१९ मध्ये पहिल्यांदा वाचला. आम्ही दवाखान्यात खोटं कारण सांगितलं. पोलीस केस होईल, पोराचं करिअर जाईल, घरात बहिणीचं लग्न ठरत होतं. डॉक्टरांनी विचारलं, आम्ही खाण्यातून काही गेलं म्हणालो. कुणी समुपदेशक भेटला नाही, कारण आम्ही भेटूच दिला नाही. दुसरी वेळ आली तेव्हा तो राहिला नाही.

नंतर समजलं की मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि २०१८ पासून लागू होता. त्याच्या ११५ व्या कलमात लिहिलंय की जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी घेणं, उपचार देणं ही सरकारची जबाबदारी आहे. म्हणजे आम्ही ज्याला भ्यालो ते वर्षभर आधीच सरलं होतं. असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम तर २०२४ पासून लागू झालेल्या नव्या भारतीय न्याय संहितेत आलंच नाही. पण आमच्या गावात अजून कुणाला विचारा, केस होते हेच सांगतील.

फोनवर बसायचं म्हणून मी नाशिकला गेलो होतो. ताई म्हणाल्या, दादा, अजून नाही. राग आला होता, आता नाही. मी बुधवारी येतो, सतरंज्या घालतो आणि पालकांच्या बैठकीत कायद्याचा तो कागद वाटतो. छाटणीच्या दिवसांतही बुधवार मोडलेला नाही.

पंचवटी, वय २३

नीट परीक्षेच्या तयारीच्या दुसऱ्या वर्षी मी फोन केला होता. आता प्रशिक्षण चालू आहे. मला लगेच घेतलं नाही, बरं झाल्यावर मध्ये बराच काळ जाऊ दे म्हणाले. वरच्या निफाडच्या काकांनी सतरंज्या घालायला मला शिकवलं. घड्या कशा घालायच्या हे सांगताना ते त्यांच्या मुलाबद्दल बोलतात. मी ऐकतो.

नाशिकरोड

मी काही करणारी नाही, पण विचारते. मुलगी अकरावीला. तीन आठवडे खोलीतून निघत नाही, क्लास बंद, रात्रभर जागी. काल म्हणाली, मी नसते तर तुमचे पैसे वाचले असते. मिस्टर म्हणतात बाहेर कुठे बोलायचं नाही, चार लोक काय म्हणतील.

गंगापूर रोड

ताई, आज रात्री तिला एकटीला सोडू नका. शेजारी बसा आणि सरळ विचारा, जीव नकोसा झालाय का. ती हो म्हणाली तर रागावू नका, रडूही आवरा, तिचं पूर्ण ऐका. घरातली औषधं आणि धोक्याच्या वस्तू कुलपात ठेवा. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेचा नंबर आहे, २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. तुम्ही स्वतःही लावू शकता. सकाळी सिव्हिलला किंवा कुठल्याही मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. रात्री काही भीतीदायक वाटलं तर सकाळची वाट न बघता न्या.

निफाड तालुका

ताई, लपवू नका. मिस्टरांना सांगा, निफाडचा एक जण तुमच्याशी बोलू म्हणतो. हा धागा चालवणाऱ्या ताईंकडे माझा नंबर आहे. मी आत्ता जागा आहे.