मदत हवी आहे: व्हॅनचे स्पीकर बदलायचेत, पखवाजाचा धुमा ऐकू यावा म्हणून

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे २०१७ सालची मारुती ईको व्हॅन आहे, पाच सीटची, ए.सी.वाली. सेकंड हँड घेतली. आधीच्या मालकाने नवी घेतानाच शोरूममधून स्टिरिओ आणि पुढच्या दोन दारांत एकेक स्पीकर बसवून घेतला होता, तोच आजवर आहे. मागे स्पीकर नाहीत. घेतली तेव्हा सीताफळाचे क्रेट मार्केट यार्डात न्यायला घेतली होती, त्यामुळे गाण्याबिण्याचा विचार कधी केला नव्हता.

गेल्या श्रावणापासून गाडी मुख्यतः आप्पांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी आहे. आठवड्यातून तीनदा त्यांचं डायलिसिस असतं. सासवडहून पहाटे साडेपाचला निघायचं, दिवेघाट उतरून हडपसर, पुढे हॉस्पिटल. चार तास मशीनवर आणि मग परत. गाडी मीच चालवते. आप्पा मधल्या सीटवर डाव्या बाजूला बसतात, येताना बहुतेक वेळा आडवे होतात.

आप्पांनी चाळीस वर्षं गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवला. डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी डाव्या हाताला फिश्चुला केला आहे, म्हणजे ऑपरेशन करून शीर धमनीला जोडली आहे. त्या हाताने वजन उचलायचं नाही, त्यावर दाब येऊ द्यायचा नाही. पखवाजाचा धुमा, म्हणजे घुमणारं डावं तोंड, डाव्या हातानेच वाजतो. ऑपरेशन झाल्यापासून पखवाज खोळीत आहे, आणि त्याबद्दल ते एक शब्दही काढत नाहीत.

मंडळाच्या जुन्या कॅसेट घरात होत्या, तीसेक वर्षांपूर्वीच्या. भाच्याने त्या कॉम्प्युटरवर घेऊन पेन ड्राइव्हमध्ये टाकून दिल्या. पहिल्या दिवशी गाडीत लावल्या तेव्हा आप्पा डोळे मिटून ऐकत होते. घाट उतरून वडकी येईपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हा पखवाज एका हाताचाच वाजतोय गं. कणीक न लावता बसल्यासारखा."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. पखवाजाच्या उजव्या तोंडावर कायमची शाई असते. डाव्या तोंडावर वाजवण्याआधी ओली कणीक थापावी लागते, त्याशिवाय तो घुमत नाही. लहानपणी ती कणीक मळून द्यायचं काम माझं होतं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच आहे. बास वाढवला तर धुमा येत नाही, डाव्या दारातून नुसता फरफर आवाज येतो. पुण्यातल्या एका दुकानात गाडी दाखवली. त्यांनी बारा इंची सबवूफर (फक्त खालच्या सुरांसाठीचा मोठा स्पीकर), ॲम्प्लिफायर आणि "बाराशे वॅट" असं मिळून २२ हजार सांगितले. मागची जागा तर मला क्रेटसाठी मोकळी हवी आहे. आणि आप्पांना दणदणाट नकोच आहे, मशीनवरून उठल्यावर त्यांचं डोकं जड असतं.

माझं बजेट आठ-नऊ हजार आहे. प्रश्न असे:

फक्त दारातले स्पीकर बदलून धुमा येईल का, की सबवूफर लागतोच? ॲम्प्लिफायर नसेल तर कोणत्या प्रकारचा स्पीकर घ्यावा? मागे स्पीकर बसवायचे तर कुठे, कारण मागची दारं सरकती आहेत? आणि या गाडीचं इंजिन पुढच्या सीटखाली असल्याने आवाज आत येतो, त्याचं काही करता येईल का?

कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद १

ताई, खर्च करायच्या आधी दोन गोष्टी करून बघा, दोन्ही फुकट आहेत.

पहिली, तीच पेन ड्राइव्हमधली फाइल चांगल्या हेडफोनवर ऐका. कॅसेट कॉम्प्युटरवर घेताना खालचा आवाज गेला असेल, तर जगातला कुठलाही स्पीकर तो परत आणू शकत नाही. मग कॅसेट पुन्हा घ्याव्या लागतील.

दुसरी, स्टिरिओत बॅलन्स पूर्ण डावीकडे नेऊन ऐका, मग पूर्ण उजवीकडे, मग मधोमध. एकेका बाजूला धुमा थोडा तरी ऐकू येतो आणि मधोमध आणल्यावर पातळ होतो, असं झालं तर एका स्पीकरच्या वायरी उलट जोडल्या आहेत. एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, हवा जागच्या जागी फिरते आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. वरचे सूर तेवढे मरत नाहीत, म्हणून टाळ आणि गळा ऐकू येतो पण पखवाज अर्धा होतो. तुमचं रेकॉर्डिंग जुन्या कॅसेटचं, बहुधा दोन्ही बाजूंना एकच आवाज असलेलं, त्यामुळे फरक लगेच कळेल.

प्रतिसाद २

मी चिंचवडला ॲक्सेसरीजच्या दुकानात चौदा वर्षं फिटिंगचं काम करतोय. वॅटच्या आकड्यांवर जाऊ नका. डब्यावर "३०० वॅट" मोठ्या अक्षरात असतं ते क्षणभराचं. बारीक अक्षरात "आरएमएस" शोधा, म्हणजे सलग चालणारी पॉवर, ते खरं. तुमच्या स्टिरिओवर "५० वॅट x ४" लिहिलं असलं तरी तो एका चॅनलला सलग पंधरा ते वीस वॅटच देतो. मग १०० वॅट आरएमएसचा जड स्पीकर घेतला तर तो उलट मवाळ वाजतो.

ॲम्प्लिफायर नसताना बघायची गोष्ट म्हणजे सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक पॉवरला स्पीकर किती मोठा वाजतो ते, डेसिबलमध्ये लिहिलेली असते. नव्वदच्या वर बघा. तीन डेसिबलचा फरक म्हणजे तेवढ्याच आवाजाला निम्मी पॉवर पुरते. इम्पिडन्स, म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा, चार ओहमच हवा. दोन ओहमचा स्पीकर स्वस्तात मिळाला म्हणून लावू नका, स्टिरिओ तापतो.

आणि एक कळकळीची विनंती. कोणालाही मूळ वायर कापू देऊ नका. कपलर, म्हणजे वायर न कापता जोडायचा प्लग, मिळतो, तो लावा. स्पीकरची मायनस वायर बॉडीला अर्थ करायची नसते, हेही फिटरला आधीच बजावून ठेवा. नव्या पोरांनी तसं करून जळालेले स्टिरिओ माझ्या टेबलावर आले आहेत.

प्रतिसाद ३

मी स्वतः पखवाज शिकतो, म्हणून लिहितोय. धुमा साधारण उजव्या तोंडाच्या सुराच्या खालच्या सप्तकात लागतो. त्याचा मूळ नाद शंभर हर्ट्झच्या खाली असतो, पण तो आपल्याला "धुमा" म्हणून ओळखू येतो तो त्यावरच्या सुरांमुळे आणि तळहात पडल्यावरच्या घुमाऱ्यामुळे. साडेसहा इंची चांगला स्पीकर, दार नीट बंदिस्त केलं असेल तर, एवढं आरामात देतो. बारा इंची सबवूफर फक्त चाळीस-पन्नास हर्ट्झचा धक्का वाढवेल. त्याने पखवाज येणार नाही, ढोल येईल. आप्पांना ते आवडणार नाही याची मला खात्री आहे.

स्टिरिओत लाउडनेस (खालचा आवाज आपोआप फुगवणारी सोय) चालू असेल तर बंद करा आणि बास शून्यावर आणून मग कानाने ठरवा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद १ मधल्या दोन्ही गोष्टी काल केल्या.

हेडफोनवर धुमा आहे! स्वच्छ आहे. टेपचा सूं आवाज आहे, पण धुमा आहे. आप्पांच्या कानाला लावला तर त्यांनी माझ्याकडे बघून फक्त मान हलवली.

बॅलन्स उजवीकडे नेला तर धुमा ऐकू येतो. डावीकडे नेला तर येतो पण फाटका. मधोमध आणला की गायब. म्हणजे तुम्ही म्हणता तसंच आहे ना? रविवारी भाऊ दाराचं पॅनल काढणार आहे. काय काय बघायचं ते सांगा, म्हणजे पुन्हा पुन्हा उघडावं लागणार नाही.

प्रतिसाद १

हो, तेच. स्पीकरचा कपलर काढून घ्या, म्हणजे स्टिरिओशी संबंध तुटेल. मग दीड व्होल्टचा पेन्सिल सेल स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. "टप्" असा आवाज येईल. पडदा बाहेरच्या बाजूला उडाला तर सेलचा प्लस ज्या टोकाला होता ते प्लस. आत ओढला गेला तर उलट. दोन्ही दारांचं करा, खूण करा, आणि स्टिरिओमागच्या वायरींशी जुळवा.

प्रतिसाद ४ (चिपळूणहून)

आमच्याकडच्या पावसात दोन गाड्यांचे स्पीकर गेले, त्यावरून सांगते. पॅनल काढल्यावर आत पातळ प्लास्टिकचा कागद चिकटवलेला दिसेल. तो फाडून टाकू नका. काचेवरून दारात उतरणारं पाणी त्याच्यामुळे आत येत नाही. आमच्या फिटरने तो फाडला आणि पुढच्या जूनमध्ये पायपुसणी भिजायला लागली.

दाराच्या तळाला बारीक भोकं असतात, पाणी बाहेर जायला. डॅम्पिंगची शीट, म्हणजे पत्र्याची थरथर थांबवणारी चिकट शीट, लावताना ती बुजवू नका. शीट ब्यूटिल रबराची घ्या, वर ॲल्युमिनियमचा कागद असलेली. डांबराची स्वस्त शीट उन्हात सुटते आणि वासही मारते, आजारी माणसाला तो वास नको. स्पीकरच्या मागच्या पत्र्यावर एक तुकडा आणि पुढच्या पत्र्यावरची मोठी भोकं झाकायला उरलेली. ही भोकं झाकणं फार महत्त्वाचं, कारण स्पीकरचा मागचा आवाज त्यातून पुढे आला की पुन्हा तेच, खालचे सूर मरतात.

स्पीकरखाली रिंग लागली तर एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) नको, ओल लागली की फुगते. प्लास्टिकची घ्या.

प्रतिसाद २

बरोबर बोलल्या ताई. आणखी एक. स्पीकर घेण्याआधी काच पूर्ण खाली करून पट्टीने खोली मोजा, स्पीकरच्या बैठकीपासून काचेपर्यंत. चुंबक काचेला घासला तर काच जाते.

मागे स्पीकर बसवायचे असतील तर सरकत्या दारात वायर नेता येत नाही सरळ, त्यामागच्या बाजूच्या पत्र्यावर बसवतात. पण आत्ता नका करू. आधी पुढचे नीट होऊ द्या. लहान गाडी आहे, मधल्या सीटपर्यंत पोचतं.

इंजिनच्या आवाजासाठी सीट उचलल्यावर झाकणाभोवतीचं रबर बघा. दबून कडक झालं असेल तर बदला. झाकणावर सतरंजी वगैरे कोंबू नका, तिथे उष्णता असते.

धागाकर्ती

उशीर झाला लिहायला. मध्ये आप्पांना दोन दिवस ॲडमिट करावं लागलं होतं, आता बरे आहेत.

रविवारी दारं उघडली. सेलची युक्ती केली. उजव्या दारात काळ्या पट्ट्याची वायर प्लसला होती, म्हणजे उलट. डाव्या दारातल्या स्पीकरची कड खालच्या बाजूने दोन बोटं फाटलेली होती आणि कागदी पडद्यावर पाण्याचे पिवळे डाग होते. म्हणजे फरफर तिथून येत होती. इतके दिवस मी बास वाढवून तीच फाट वाढवत होते, याचं वाईट वाटलं.

आधी फक्त वायर सरळ केली आणि लावून बघितलं. भावाने आणि मी एकमेकांकडे बघितलं. एवढा फरक एका वायरीने पडतो हे स्वतः ऐकलं नसतं तर पटलं नसतं.

मग साडेसहा इंची कोएक्सियल (मोठ्या पडद्याच्या मधोमध वरच्या सुरांचा छोटा स्पीकर असलेली) जोडी घेतली, चार ओहम, ९१ डेसिबल, ३,४०० रुपयांना. दुकानदार १८० वॅटची दाखवत होता, मी आरएमएस आणि सेन्सिटिव्हिटी वाचून दाखवल्यावर त्याने दुसरा डबा काढला. खोली मोजली तर काचेपर्यंत ५८ मिमी होती, नव्या स्पीकरला ५२ लागतात, शिवाय खाली प्लास्टिकची रिंग आली. ब्यूटिल शीट १,६०० ची, दोन दारांना पुरून उरली. प्लास्टिकचा कागद होता तसाच परत चिकटवला. तळातली भोकं मी स्वतः काडी घालून मोकळी केली, एकात चिखल घट्ट बसला होता. दार आता लावताना पूर्वीसारखं पत्र्याचं वाजत नाही, जड वाटतं. झाकणाचं रबर अजून बदललेलं नाही, गॅरेजवाल्याने मागवलं आहे.

मंगळवारी पहाटे निघालो. मी काही सांगितलं नव्हतं. पेन ड्राइव्ह लावला, आवाज नेहमीएवढाच ठेवला. घाटात गाडी तिसऱ्या गिअरमध्ये होती, त्यामुळे इंजिनचा आवाजही होता. अभंग चढीला आला, टाळ वाढले आणि धुमा आला. आरशात बघितलं तर आप्पांचा डावा हात मांडीवर होता, पंजा उलटा, बोटं किंचित उचललेली. तो हात ते एरवी शालीखालीच ठेवतात.

वडकीला म्हणाले, "आज कणीक कुणी मळली गं?"

आता एकच विचारायचं राहिलं. जोरात वाजल्यावर उजव्या दाराच्या पॅनलची एक क्लिप कुरकुरते. क्लिप बदलावी की मध्ये फेल्टची पट्टी लावून भागेल?

प्रतिसाद २

क्लिपचं टोक मोडलं असेल तर बदला, पाच-दहा रुपयांची असते, चार जास्तीच्या घेऊन ठेवा. टोक शाबूत असेल तर फेल्टची पट्टी पुरे. मंगळवार-गुरुवार सोडून कधी चिंचवडला आलात तर दुकानात या, दोन मिनिटांचं काम आहे, पैसे नकोत. आप्पांना नमस्कार सांगा.