मदत हवी आहे : द्राक्षाच्या खरड छाटणीनंतर ओलांड्याच्या मधले डोळे फुटेनात (तुळजापूर तालुका)

नमस्कार मंडळी,

आमची दोन एकर थॉमसन जातीची द्राक्षबाग आहे, डॉगरिज खुंटावर (मुळाकडचा कलमाचा भाग) बांधलेली. जमीन काळी, खाली चुनखडी. माल मार्चच्या सुरुवातीला उतरला, वेलींना विश्रांती दिली आणि एप्रिल लागल्यावर एक डोळा राखून खरड छाटणी (माल उतरल्यावरची उन्हाळी छाटणी) घेतली. आता पंधरवडा होत आलाय. ओलांड्याच्या (तारेवर आडव्या वाढवलेल्या जाड फांदीच्या) टोकाकडचे कोंब बोटभर झालेत, पण मधला हात-दीड हात भाग नुसतं लाकूड दिसतंय. तिथले काही डोळे कापसले (फुगून कापसासारखे दिसू लागले) आणि तसेच थांबले. काही तर फुगलेही नाहीत.

तापमान रोज चाळिशीच्या वर जातंय, हवा कोरडी ठणठणीत. एवढं ऊन बघून पेस्टिंग (डोळे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावणं) केलेलं नाही. शेततळं निम्मं भरलेलं आहे, बोअर थोडा वेळच चालतो, आणि पाऊस मृग नक्षत्राआधी धरता येत नाही.

सल्ले मात्र चहूबाजूंनी येतायत. दुकानदार म्हणतो टॉनिक आणि युरिया सोडा, दोन दिवसांत फुटेल. शेजारचे म्हणतात पाणी तोडा, वेलीला ताण बसला की डोळा जागा होतो. आमचे आबा (सासरे) म्हणतात ओलांड्यांवर पाणी मारत राहायचं, बाकी कशाला हात लावू नका. मी नेटवर शोधलं, तर थंड देशांतल्या बागांचीच माहिती जास्त. तिकडं वेल हिवाळ्यात पानं गाळून पूर्ण झोपते, छाटणी त्या झोपेतच होते आणि वसंतात डोळे फुगले की भीती असते ती कोवळा कोंब रात्रीच्या गारठ्यात गोठायची. आपल्याकडं वेल तशी झोपत नाही. वर्षाला दोन छाटण्या देऊन आपणच तिला फोडतो आणि पहिली फूट नेमकी भाजणाऱ्या उन्हात येते. तिकडचं किती घ्यावं कळेना.

मला विचारायचं ते असं. मधले डोळे अजून फुटतील की मेलेत हे कसं ओळखायचं? आणि शेततळ्यातलं पाणी आत्ता वापरू की जूनपर्यंत पुरवून धरू? ऑक्टोबर छाटणीनंतर जे घड निघणार ते याच काड्यांत तयार होतात, त्यामुळं ओलांडा मध्ये रिकामा राहिला तर पुढचं सगळं वर्ष त्या वेलीवर माल कमी. ही बाग आबांनी बारा कोसांवरून टँकरनं पाणी आणून जगवलेली आहे. म्हणून कळकळीनं विचारतेय.

प्रतिसाद – जालना

ताई, आबांचं ऐका. दुकानदाराचा युरिया आत्ता नको. पानंच नाहीत तर वेल तो घेऊन करणार काय? पहिली फूट वेलीनं खोडात आणि ओलांड्यात साठवलेल्या अन्नावर येते. आणि पाणी तोडण्याचा सल्ला तर या अवस्थेला अगदीच उलटा आहे.

आधी न फुटलेला डोळा नखानं किंवा ब्लेडनं उभा चिरून बघा. आत हिरवा असेल तर जिवंत आहे, थांबा. तपकिरी, कोरडा असेल तर गेला. आणि आतून कोरलेला, पोकळ असेल तर ते ऊन नाही, उडद्या आहे. हा उडदाएवढा, तांबूस चकाकणारा भुंगेरा, पाठीवर सहा काळपट ठिपके. डोळा फुगला की नेमका तेव्हाच येऊन कोरतो. सकाळी लवकर किंवा दिवस मावळताना ओलांड्याखाली पांढरं कापड धरून वेल हलवा, असेल तर खाली पडलेला दिसेल. सुटलेल्या सालीत तो लपतो आणि मादी अंडीही सालीखालीच घालते, म्हणून ती साल काढून बागेबाहेर जाळा. दिसलाच तर इमिडाक्लोप्रिड संध्याकाळी फवारा, प्रमाण लेबलावरचंच ठेवा. मधली फूट गेली की लोक उन्हाला दोष देतात आणि उडद्या मजेत पुढच्या ओळीत जातो, हे मी बऱ्याच बागांत पाहिलंय.

डोळे हिरवे निघाले तर दिवसातून दोन-तीनदा ओलांडे नुसत्या पाण्यानं भिजवा. ऊन चढायच्या आधी एकदा आणि चारनंतर एकदा तरी हवंच. हवेतला ओलावा वाढला, लाकूड थंड झालं की मागचे डोळे हलतात. टोकाची फूट पुढं पळणं हा वेलीचा स्वभावच आहे. ते कोंब फारच जोरात असतील तर शेंडा टिचवा, म्हणजे जोर मागं येईल.

पाण्याचं सांगतो. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा हिशेब असा : खरड छाटणीपासून पहिले साधारण ४० दिवस, दर मिलिमीटर बाष्पीभवनामागं हेक्टरी ४२०० लिटर, म्हणजे एकरी अंदाजे १७०० लिटर. आपल्याकडं एप्रिल-मे महिन्यांत दिवसाला १० मिमी धरा. दोन एकरांना रोज ३४ हजार लिटर झालं. पण ४० ते ६० दिवसांत, सूक्ष्म घडनिर्मिती होते तेव्हा, हेच पाणी हेक्टरी १४०० वर आणायचं, म्हणजे तिसरा हिस्सा. तुमच्या शेजाऱ्यांचा ताण तेव्हा कामाला येतो. तेव्हा जास्त पाणी आणि नत्र दिलं तर काडी नुसती पळत सुटते आणि डोळ्यात घड धरत नाही. म्हणून शेततळं आत्ता वापरा, छाटणीला ४० दिवस झाले की आवरा. बोदावर (वेलीच्या ओळीतल्या मातीच्या वरंब्यावर) उसाचं पाचट अंथरलं तर यातलंही वाचेल.

धागाकर्ती

दादा, खूप आभार. आत्ताच वीसेक डोळे चिरून पाहिले. बहुतेक आतून हिरवे आहेत. पण विहिरीकडच्या दोन ओळींत चार-पाच पोकळ निघाले, म्हणजे तिथं उडद्याच असणार. उद्या पहाटे कापड धरून बघते. अजून एक : फुटलेल्या कोंबांची वरची पानं पिवळी पडतायत, शिरा मात्र हिरव्या. हेही उन्हानंच का?

प्रतिसाद – औसा

ताई, ही लोहाची कमतरता. चुनखडीच्या रानात लोह जमिनीत असूनही मुळांना घेता येत नाही, म्हणून कोवळ्या पानांवर आधी दिसतं. चिलेटेड लोहाची फवारणी उन्हात करू नका, संध्याकाळी घ्या. ठिबकमधून साधं फेरस सल्फेट सोडाल तर तुमच्या जमिनीत ते लवकर निकामी होईल.

आणि विरळणीची (जादा कोंब काढण्याची) घाई करू नका. चार-पाच पानं आली की मगच, तीही दोन टप्प्यांत. मधल्या रिकाम्या जागेजवळची एखादी जोमदार काडी न काढता राखून ठेवा. तो भाग नाहीच फुटला तर हीच काडी तारेवर आडवी बांधून ओलांडा भरून काढता येतो. बाकीच्या काड्या आम्ही अडीच-तीन इंचांवर एक ठेवतो आणि सात पानांवर शेंडा मारून सबकेन (त्याच काडीवर बगलेतून फुटणारी दुसरी काडी) करतो. उजेड डोळ्यापर्यंत पोचला पाहिजे.

उद्या कापडावर किती पडले ते इथं लिहा. जास्त असतील तर त्या दोन ओळींपुरतं न थांबता सगळ्या बागेत बघावं लागेल.