मदत हवी आहे : वाडीतल्या मुलींना नेरुळचं स्टेडियम आतून दाखवायचंय

नमस्कार मंडळी. २ नोव्हेंबर २०२५ची महिला क्रिकेट वर्ल्ड कपची फायनल पाहिल्यापासून आमच्या वाडीतल्या (रत्नागिरी तालुका) मुली रोज संध्याकाळी कातळावर क्रिकेट खेळतात. शेफाली वर्माच्या ८७ धावा आहेतच, पण यांचा जीव दीप्ती शर्मावर. ५८ धावा, वर पाच बळी! शतक ठोकून दक्षिण आफ्रिकेच्या लॉरा वोल्वार्टने जीव टांगणीला लावला होता, तिलाही दीप्तीनेच काढलं.

मे महिन्याच्या सुट्टीत त्यांना ही फायनल झाली ते नेरुळचं (नवी मुंबई) डी. वाय. पाटील स्टेडियम दाखवायचंय. कोकण रेल्वेने पनवेल, पुढे हार्बर लोकल, एवढं ठरलंय. सामना नसताना आत सोडतात का? अर्ज कोणाकडे द्यायचा? शाळेचं पत्र लागेल का? आणि जवळपास मुलींसाठी एका रात्रीची स्वस्त, सुरक्षित सोय कुठे होईल? त्यांच्या आयांना मी शब्द दिलाय, तेव्हा राहण्याचं आधी सांगा.