प्रतिसाद: न्यूटचे लिंग तापमान ठरवते का?

न्यूट हा शेपटी असलेला, बेडकासारखा उभयचर प्राणी. ‘न्यूटमध्ये कासवांप्रमाणे तापमानच लिंग ठरवते’ असे विधान केले गेले आहे; ते मला अपुरे वाटते. स्पेन, पोर्तुगाल आणि मोरोक्कोत आढळणाऱ्या प्ल्युरोडेलिस वाल्टल या न्यूटमध्ये लिंग मुळात गुणसूत्रांवर ठरते. लिंग ठरवणारी गुणसूत्रे झेड आणि डब्ल्यू अशी दोन प्रकारची असतात; नराची जोडी झेडझेड, तर मादीची झेडडब्ल्यू असते. मात्र जननग्रंथी घडण्याच्या काळात झेडडब्ल्यू डिंभकांना (पाण्यात वाढणाऱ्या अपक्व पिल्लांना) ३२ अंश सेल्सियसच्या पाण्यात वाढवले, तर अँड्रोजेन या नर-संप्रेरकांचे इस्ट्रोजेन या मादी-संप्रेरकांत रूपांतर करणाऱ्या अरोमाटेज या विकराची (एन्झाइमची) क्रिया मंदावते आणि आनुवंशिकतेने मादी असलेले हे प्राणी प्रजननक्षम नर होतात. उलट, झेडझेड डिंभकांना इस्ट्राडिओल हे इस्ट्रोजेन दिल्यास त्यांच्या माद्या होतात. म्हणजे उष्णता येथे गुणसूत्रांची जागा घेत नाही, तर त्यांच्या आज्ञेवर मात करते, आणि हा भेद मला फार मोलाचा वाटतो.

याचा सर्वांत सुंदर पुरावा पुढच्या पिढीत मिळतो. उष्णतेने नर झालेल्या झेडडब्ल्यू प्राण्याचा सामान्य मादीशी संकर केल्यास साधारण एक चतुर्थांश पिल्ले डब्ल्यूडब्ल्यू निपजतात, आणि ती जगतात, त्यांच्या प्रजननक्षम माद्या होतात. यावरून झेड गुणसूत्रावाचूनही या प्राण्याचे जीवन अडत नाही, असे दिसते.