मोर्चाचं दुकान म्हणे!

पेठेतला
परवा ग्रुपवर एका साहेबांनी टाकलं: ‘बेकारांच्या नावानं मोर्चे काढणारे स्वतःच बेकार. कार्यकर्ता हा आता धंदा झालाय. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या कारखान्यांत येऊन बघा, कामाला माणूस मिळत नाही.’ गप्प बसणार होतो, पण झोप लागंना.

आमच्या गल्लीत असा एक धंदेवाला राहतो. आम्ही त्याला तात्या म्हणतो. सायकल, खांद्याला पिशवी. पिशवीत अर्ज, झेरॉक्स, अंगठ्यासाठी शाईचं पॅड आणि फडक्यात भाकरी. सकाळी सातला कामगार नाक्यावर हजर. सरकारच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी करायची तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. बिगारी आज एकाकडं, उद्या दुसऱ्याकडं. दाखला देणार कोण? ठेकेदार म्हणतो, सही दिली तर उद्या माझ्याच दारात बसाल. त्या एका सहीसाठी तात्या पाच-पाच हेलपाटे घालतो. घर वहिनींच्या शिलाई मशिनवर चालतं. एवढा फायद्याचा धंदा असेल तर घ्या की एजन्सी.

फौंड्रीवाला
पोस्ट माझीच हाय, नाव न घेता कशाला बोलताय? फौंड्रीत मोल्डिंगला, म्हणजे ओतकामाचे साचे करायला, पोरं पाहिजेत म्हणून तीन महिने गेटवर बोर्ड लावलाय. येतात, भट्टीची धग लागली की तिसऱ्या दिवशी फोन बंद. शेवटी बिहारची पोरं आणली, तर ‘भूमिपुत्रांचं काय’ म्हणून हेच मोर्चेवाले निवेदन घेऊन हजर! तुमच्या तात्यांनी कधी एका पोराला तरी कामावर टिकून राहा म्हणून सांगितलंय का?

भुदरगडी
बारा तास धगीत उभं करून काय देता, ते पण लिहा की बोर्डावर.

फौंड्रीवाला
आठ तास. वर ओव्हरटाइम. माहिती नसताना बोलू नका.

पगारदार
दोघंही बरोबर असाल, पण बेकारांच्या योजनांचं बिल शेवटी आमच्या पगारातनं. रोजगार हमी म्हणजे झाडाखाली बसून हजेरी.

भुदरगडी
साहेब, पगाराच्या चिठ्ठीत दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० व्यवसाय कर कापतात ना? तो १९७५ साली आणला तोच मुळी या रोजगार हमीसाठी. योजना रेटणारे वि. स. पागे आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले. आणि झाडाखाली बसायला आधी काम तर मिळालं पाहिजे! नमुना ४ भरून काम मागायचं, नमुना ५ ची तारखेसकट पोच घ्यायची. १५ दिवसांत काम नाही दिलं तर बेकारभत्ता. म्हणून तर ग्रामपंचायतीत पोचच देत नाहीत. ‘ठेवून जा, बघतो.’ आमच्याकडं एक बाई त्या चिठोऱ्यासाठी दिवसभर ओट्यावर बसली होती, मी शेजारी होतो. शहरातल्या बिगाऱ्याला तर तेवढाही कायदा नाही.

पेठेतला
आणि धंदा म्हणणाऱ्यांनी १६ फेब्रुवारी २०१५ आठवावा. कष्टकऱ्यांसाठी लढणाऱ्या कॉम्रेड गोविंद पानसरे अण्णांना इथं कोल्हापुरात सकाळच्या फिरण्यात गोळ्या घातल्या. असा कुठला धंदा असतोय?

फौंड्रीवाला
अण्णांबद्दल आदर हाय. पण प्रत्येक झेंडेवाल्यानं त्यांच्या फोटोमागं लपू नये.

कार्यकर्त्याची लेक
सगळे पुरुष मोठमोठ्यानं भांडताय, म्हणून मध्येच बोलते. पेठेतल्या दादांनी ‘घर वहिनींच्या शिलाई मशिनवर चालतं’ हे किती सहज लिहून टाकलं! माझे वडीलही असेच. दसरा चौकातनं कलेक्टर ऑफिसवर मोर्चा असला की आईनं आदल्या रात्री चाळीस माणसांच्या भाकऱ्या थापायच्या. पीठ कुणाचं? आईचं. माझी सहलीची फी भरायची राहिली, कारण कुणाला तरी गावी जायला गाडीभाडं दिलं होतं. सत्कारात शाल-नारळ बाबांना.

पेठेतला
ताई, त्यागाची अशी चेष्टा नको.

कार्यकर्त्याची लेक
त्याग बाबांचा. आईनं केलं ते उधारीवर. आईला विचारून केलंय का कुणी कधी? संघटनेनं महिन्याच्या वर्गणीची पावती फाडावी, कार्यकर्त्याला मानधन द्यावं, हिशेब फळ्यावर लावावा.

पगारदार
म्हणजे धंदाच की!

कार्यकर्त्याची लेक
तुमचा पगार काय समाजसेवा आहे?

भुदरगडी
मानधन आलं की गट पडतात. बघितलंय मी.

कार्यकर्त्याची लेक
मानधन नव्हतं तेव्हा पडले नव्हते काय?

फौंड्रीवाला
ताईंचं पटलं, नाइलाजानं. नव्या शेडचं बांधकाम चालू हाय माझं, त्याचा बांधकाम कामगारांसाठीचा १ टक्का उपकर भरलाय मी. सहा बिगारी हायेत. तात्यांना पाठवा, ९० दिवस भरलेत त्यांच्या दाखल्यावर सही देतो. पण गेटवर झेंडा नको. आणि मोल्डिंगची दोन पोरं घेऊन या म्हणावं.

पेठेतला
सही घेऊन जातो, पोरांचं बघतो म्हणालेत तात्या.

कार्यकर्त्याची लेक
आणि वहिनींच्या मशिनचा हप्ता कोण भरतंय?

पेठेतला
कधी विचारलं नाही. आता जाऊन येतो.

पेठेतला
विचारलं. वहिनी म्हणाल्या, आधी तुझ्या बायकोच्या ब्लाउजचे १८० राहिलेत दिवाळीपासून, ते टाक.